विचारा, सांगते : हक्का माणसं

मागच्या अंकात चायनीजच्या गाड्यांवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहिलं होतं, की हक्का हे आधी माणसांचं नाव, नूडल्सचं नंतर. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. शाळेत मी वर्षानुवर्षं चीनचा धडा शिकवला. त्यात 'हान', म्हणजे चीनमधला सर्वांत मोठा वंशगट, या एका शब्दात शंभर कोटींहून जास्त माणसं बसवलेली असायची. त्यातली एक घडी उलगडायची संधी तुमच्या पत्रांनी दिली, म्हणून हे सगळं सदर त्याच विषयाला. मला मदत झाली ती माझगावला ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीची. ती जन्माने कलकत्त्याची, घराणं हक्का. नाव छापू नकोस म्हणाली, म्हणून इथे नुसतं 'पार्लरवाली ताई'.

हक्का ही जात आहे, जमात आहे की एखादा प्रांत?
*– एक वाचक, लालबाग*

यातलं काहीच नाही. हक्का हे हान चिनीच. चीनमध्ये सरकारी हिशेबाने ५६ वंशगट आहेत, त्या यादीत हक्कांचं वेगळं नाव सापडणार नाही. त्यांच्या नावाचा प्रांतही नाही. ज्याला त्यांचं घर म्हणता येईल तो मुलूख तीन प्रांतांच्या सांध्यावर पडतो : ग्वांगदोंगचा ईशान्य कोपरा, फूज्यानची पश्चिम बाजू आणि ज्यांगशीचा दक्षिण भाग. सगळा डोंगरांचा. आठ वाटे डोंगर, एक वाटा पाणी, एक वाटा शेत, असं तिथलं वर्णन तिथलेच लोक करतात. मेजोऊ हे त्या भागातलं मुख्य शहर. पार्लरवाली ताई मात्र 'मोयेन' म्हणते, कारण तिच्या आजोबांच्या तोंडी जुन्या तालुक्याचं तेच नाव होतं.

नावाचा अर्थ 'पाहुणी घरं'. तिथून ही माणसं तैवान, हाँगकाँग, मलेशिया, इंडोनेशिया, जमैका, मॉरिशस अशी पसरली. मॉरिशसचा उल्लेख मुद्दाम केला, कारण तिथे आपली मराठी माणसंही आहेत. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांत हक्का बहुसंख्य आहेत, आणि पंचवीस रुपयांच्या नोटेवर मोइलिन ज्याँ आ-च्युएन या हक्का व्यापारी-पुढाऱ्याचं चित्र आहे.

एका लेखात वाचलं, की हक्का हे मूळचे उत्तर चीनमधले आणि सतराशे वर्षांत पाच लाटांनी दक्षिणेत आले. हे खरं मानायचं का?
*– निवृत्त ग्रंथपाल, गिरगाव*

अर्धं माना. या उत्तराला जरा जागा घेते, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

ही मांडणी लुओ श्यांगलिन या इतिहासकाराची. ते स्वतः हक्का, ग्वांगदोंगमधल्या शिंगनिंगचे. १९३३ साली हक्कांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, आणि आज जगभरची हक्का मंडळं आपल्या उगमाविषयी जे सांगतात ते बहुतेक त्यातलंच. पहिली लाट ३११ साली लुओयांग ही राजधानी लुटली गेली त्यानंतरची. दुसरी नवव्या शतकाच्या अखेरीची, हुआंग चाओच्या बंडातली. तिसरी ११२७ साली काइफंग पडल्यावर सुरू झाली आणि मंगोल स्वाऱ्यांपर्यंत चालली. चौथी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची, पाचवी १८६०च्या दशकानंतरची.

शेवटच्या दोन लाटांना कागदपत्रांचा भक्कम आधार आहे. १६६१ साली छिंग दरबाराने, म्हणजे तेव्हाच्या राजघराण्याने, दक्षिण किनाऱ्यावरची वस्ती सक्तीने आत हटवली, म्हणजे समुद्रावर जोर असलेल्या विरोधी झंग घराण्याला रसद मिळू नये. गावं उठली, शेतं ओस पडली. हुकूम मागे घेतल्यावर दरबाराला शेतसारा हवा होता आणि कसायला माणसं कमी, म्हणून डोंगरातल्या लोकांना खाली येऊन जमीन धरायला उत्तेजन दिलं. ते डोंगरातले लोक म्हणजे हक्का. जुने रहिवासीही परतले होते. चांगली खाचरं त्यांची, उरलेली माळरानं नव्यांची, आणि पाण्यावरून, बाजारावरून, स्मशानाच्या जागेवरून तंटे. १८५५ ते १८६७ या काळात त्याचं उघड युद्ध झालं. लाखो माणसं मेली, हरलेल्या बाजूचे कित्येक जण मजूर म्हणून परदेशी विकले गेले. अखेर सरकारने छिशी नावाचा वेगळा मुलूख हक्कांसाठी तोडून दिला.

आधीच्या तीन लाटांचं तसं नाही. त्यांचा मुख्य आधार घराण्यांच्या वंशावळी. बऱ्याच वंशावळी फूज्यानमधल्या शिबी नावाच्या एकाच गावाशी जाऊन पोचतात. एवढी घराणी एका गावात मावणं कठीण. वंशावळ लिहिणारा कुळाला शोभेल असा मूळपुरुष शोधतो, हे आपल्याकडच्या कुलवृत्तान्तांवर काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. उत्तरेकडून माणसं आली यात शंका नाही. पण ती आली तेव्हा ते डोंगर रिकामे नव्हते. तिथे शे लोक होते, डोंगरउतार जाळून पेरणारे. जनुकांचे अभ्यास झाले त्यांतही असंच दिसतं, की बापाकडचा वारसा बराचसा उत्तरेच्या हान लोकांशी जुळतो आणि आईकडचा दक्षिणेच्या जुन्या लोकांशी.

मग लुओंनी उत्तरेच्या शुद्ध रक्तावर एवढा भर का दिला? कारण त्यांच्या लोकांना माणसांत धरायचीही काहींची तयारी नव्हती. ग्वांगदोंगमधल्या काही तालुक्यांच्या जुन्या दफ्तरांत हक्कांचं नाव लिहिताना अक्षराच्या डाव्या अंगाला 'कुत्रा' हे चिन्ह जोडलेलं आहे. चिनी लिपीत ते चिन्ह जनावरांच्या नावांना लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच प्रांतातल्या एका शालेय भूगोलात हक्कांना हान लोकांतून बाहेर काढलं होतं. भूगोलाच्या पुस्तकात! मी ते वाचलं तेव्हा वर्गात बसलेला एखादा हक्का मुलगा डोळ्यांपुढे आला आणि राग आवरेना. लुओंचा ग्रंथ या अपमानाला दिलेलं उत्तर आहे, आणि तो तसाच वाचावा. त्यात पुरावा कमी पडतो तिथे तसं म्हणावं, पण तो का लिहिला गेला हे विसरू नये.

त्याच्याही शंभरावर वर्षं आधीची एक नोंद मला फार मोलाची वाटते. हुइजोऊच्या फंगहू विद्यालयात शू शूझंग नावाचे हक्का गुरुजी शिकवत. जवळच्या बोलुओ आणि दोंगग्वान भागात मारामारी पेटली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विचारलं, 'हे स्थानिक आणि हे पाहुणे म्हणजे काय?' गुरुजींचं उत्तर असं होतं, की पाहुणा हा स्थानिकाच्या संदर्भातच पाहुणा असतो. पुढे त्यांनी आपल्या लोकांचा इतिहास, चालीरीती, भाषा सगळं सांगितलं आणि शिष्याने ते टिपून घेतलं. म्हणजे हक्कांनी स्वतःबद्दल तपशिलाने केलेलं पहिलं कथन दंगलीच्या बातमीवर वर्गात विचारलेल्या प्रश्नातून निघालं. डोंगरात सगळेच एकमेकांसारखे होते, तेव्हा आपण हक्का आहोत असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. सखल भागात उतरल्यावर, शेजाऱ्याशी वैर झाल्यावर ती ओळख घट्ट झाली. रक्तात शोधायला गेलं तर ती हाती लागणार नाही.

हक्का ही भाषा की बोली? मँडरिन येणाऱ्याला ती कळते का?
*– भाषाशास्त्राची विद्यार्थिनी, डोंबिवली*

कळत नाही. कँटोनीज, म्हणजे ग्वांगझोऊ-हाँगकाँगकडची चिनी, येणाऱ्यालाही नीट कळत नाही. लिपी एक असल्यामुळे बाहेरून सगळं एकच वाटतं.

पार्लरवाली ताई गल्ल्यातले पैसे मोजते ते हक्कात. यित, ञि, साम, सि, ङ्, ल्युक, छित, पात, क्यु, सिप. मँडरिनमध्ये तीनला सान, सहाला ल्यू, दहाला शी म्हणतात. शब्दाच्या टोकाचे प, त, क आणि म हे जुन्या चिनीतले उच्चार मँडरिनमधून गेले, हक्काने राखले. कँटोनीजनेही राखलेत, पण हक्काची वेगळी खूण म्हणजे महाप्राण, 'ह' मिसळलेले उच्चार. जुन्या चिनीतली ब, द, ग अशी घोष व्यंजनं हक्कात सरसकट फ, थ, ख अशी झाली. पांढऱ्याला मँडरिनमध्ये पाइ, कँटोनीजमध्ये पाक, हक्कात फाक. जमिनीला मँडरिनमध्ये ति, हक्कात थि. इंग्रजी कानाला हा फरक पकडताना त्रास होतो, आपल्याला लहानपणापासून प आणि फ वेगळे. आणि बाराखडीत पाठ करून सोडून दिलेला आपला ङ तिथे रोजच्या बोलण्यात आहे : 'मी' म्हणजे ङाइ, आणि पाच म्हणजे नुसता ङ्, स्वराशिवाय.

तुला अभ्यासाला उपयोगी पडेल असा एक धागा देते. हक्का रोमन लिपीत लिहायची पद्धत बसवणाऱ्यांत स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनचे पाद्री पुढे होते. त्यांतले हाम्बर्ग आणि लेखलर १८४७ साली हाँगकाँगला उतरले. कोकणातल्या घरांवर जी मंगलोरी कौलं चढली, त्यांचा मंगळूरचा पहिला कारखाना याच मिशनचा.

हक्कांत म्हण आहे, की वाडवडिलांची जमीन विकावी पण वाडवडिलांची बोली विसरू नये. प्रत्यक्षात बोली टिकवणं जड गेलं. तैवानमध्ये लष्करी कायद्याच्या काळात शाळेत मातृभाषा बोलली तर मुलांना दंड व्हायचा. तो कायदा १९८७ साली उठला, आणि २८ डिसेंबर १९८८ रोजी तैपेईत हक्कांनी आपली भाषा परत मागणारा मोर्चा काढला. पुढे २००१ साली सरकारात हक्कांसाठी वेगळी परिषद झाली, २००३ साली हक्का दूरचित्रवाहिनी सुरू झाली, आणि आता ती तिथली एक राष्ट्रीय भाषा आहे. इकडे माझगावात ताईच्या मुलाला आईचं हक्का सगळं कळतं, उत्तर तो हिंदीत देतो. ताईला ते लागतं. मीही त्याला दरवेळी टोकते, आणि टोकत राहणार.

हक्का बायका पाय बांधत नसत असं ऐकलं. कारण काय?
*– गृहिणी, कुर्ला (मूळ गाव देवगड तालुका)*

खरं आहे, नसत बांधत. चीनमध्ये शेकडो वर्षं मुलींची पावलं कापडाने आवळून लहान ठेवत, आणि लग्नाच्या बाजारात त्याला मोल होतं. हक्का बाईला ते परवडणारं नव्हतं, कारण नांगर तिच्या हातात होता. लाकडं, खत, पाण्याच्या कावडी, चढउताराची वाट, सगळं तिच्यावर. पुरुष खाणीत, बंदरात, दक्षिणेच्या समुद्रापलीकडे. पैसे पत्रासोबत यायचे, कधी यायचेही नाहीत.

बाई, तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. आपल्या आजीने हेच केलं. आजोबा गिरणीत, आजी गावाला, भातलावणी तिची, म्हातारी माणसं तिची, महिन्याच्या मनीऑर्डरची वाट बघणंही तिचंच. फरक एवढा, की कोकणचा चाकरमानी गणपतीला, शिमग्याला यायचा. बोर्निओच्या खाणीत गेलेला मोयेनचा माणूस दहा-दहा वर्षं येत नसे, आणि तिकडे दुसरा संसार थाटलेला असायचा.

छिंग दरबाराविरुद्धच्या ताइपिंग उठावाचा पुढारी हुंग श्यूछ्वान हक्का होता. १८५३ साली त्याच्या फौजांनी नानजिंग घेतलं, तेव्हा त्यांच्यात बायकांच्या वेगळ्या तुकड्या होत्या आणि पाय बांधायला मनाई होती. त्या उठावात कोटींच्या घरात माणसं मेली, त्यामुळे त्याचं कौतुक करावंसं मला वाटत नाही. पण पाय मोकळे असलेल्या बायका रणात उतरू शकल्या हे खरंच.

बाईच्या या राबण्याची खूण अजून स्वयंपाकात आहे. ताई थंडीत भायखळ्याच्या बाजारातून मोहरीचा पाला आणते. तो गच्चीवर दोरीवर टाकून अर्धवट सुकवते, मग परातीत मीठ घालून तळव्याने असा चोळते, की पाला काळपट हिरवा होऊन पाणी सोडतो. ते पिळून पुन्हा ऊन, पुन्हा मीठ, आणि शेवटी बरणीत दाबून भरणं. उघडल्यावर आंबटखारट, थोडा गोडसर वास येतो. डुकराच्या चरबीदार मांसाच्या कापांसोबत ते तासन्‌तास वाफवतात. दिवसभर शेतात असणाऱ्या बाईला टिकणारं, मीठ पुरवणारं, भाताबरोबर पोटभर होणारं असं काहीतरी हवं होतं, त्यातून हे आलं.

दुसरा पदार्थ टोफूचा : चौकोनी तुकड्यात खळगा करून खिमा भरायचा आणि तळायचा. उत्तरेत गव्हाच्या पारीत सारण भरत, दक्षिणेत गहू मिळेना म्हणून टोफूत भरलं, अशी कथा सांगतात. पुन्हा तेच, उत्तरेची आठवण.

माझगावचं चिनी देऊळ हक्कांचं आहे का?
*– कॉलेज विद्यार्थी, माझगाव*

नाही. डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला, नवाब टँक रोडवरचं सी यूप कून हे देऊळ १९१९ सालचं, कँटोनीज लोकांचं. वरच्या मजल्यावर ग्वान गोंग, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला सेनापती ग्वान यू. बांबूच्या काड्यांचा डबा हलवून, निसटून पडेल त्या काडीवरून कौल घेतात.

सी यूप म्हणजे ग्वांगदोंगमधले चार तालुके. वर मी ज्या युद्धाबद्दल लिहिलं, ते सर्वांत भयानक पेटलं ते याच चार तालुक्यांच्या भागात, आणि छिशीही तिथूनच तोडलं. देऊळ बांधणाऱ्यांच्या आजोबांनी हक्का गावं जाळलेली असतील, किंवा हक्कांनी त्यांची. आज नववर्षाच्या आदल्या रात्री ताई त्याच देवळात उदबत्ती लावते. मी तिला युद्धाचं सांगितलं तर म्हणाली, 'टीचर, मुंबईत आम्ही उरलोय किती? भांडायला पण माणसं लागतात.'

हक्का नूडल्स हक्का लोक खातात का? आणि मंचुरियन?
*– दोन भाऊ, चेंबूर*

ज्या बशीला आपण हक्का नूडल्स म्हणतो ती कलकत्त्याच्या चिनी स्वयंपाकघरांत घडली. मेजोऊला सकाळच्या न्याहारीला उकडलेल्या नूडल्स डुकराच्या चरबीत आणि तळलेल्या लसणीत घोळून खातात, सोबत सूप. सिमला मिरची, गाजर, व्हिनेगर यांचा तिथे पत्ता नाही. मंचुरियनही मेजोऊचं नव्हे. ते आपल्या मुंबईचं, १९७५च्या सुमाराचं, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी केलेलं.

सुन यत्-सेन, देंग श्यावफिंग, ली क्वान यू हे सगळे हक्का होते म्हणतात.
*– शिक्षक, ठाणे*

सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू नक्की. त्यांचे पणजोबा दाबू या हक्का तालुक्यातून सिंगापूरला आले. बाकी दोघांबद्दल, म्हणजे चिनी प्रजासत्ताकाचे जनक सुन आणि कम्युनिस्ट पुढारी देंग यांच्याबद्दल, वाद आहे, आणि सुन यांना हक्का ठरवण्यात लुओ श्यांगलिनच पुढे होते. मोठ्या माणसांच्या यादीने एखाद्या समाजाची ओळख होते असं मला वाटत नाही, म्हणून इथेच थांबते.

मी धारावीत चामड्याच्या बॅगा बनवतो. मालासाठी कलकत्त्याला जाणं होतं. तिथले चिनी टॅनरीवाले हक्काच ना? आता कुठे भेटतील?
*– एक कारखानदार, धारावी*

हो, हक्काच. कलकत्त्यात कँटोनीज सुतारकामात, हुबेचे लोक दातांच्या कामात, आणि चामडं व बूट हक्कांकडे. चामड्याला हात लावणं इथल्या वरच्या जातींना विटाळाचं, त्यामुळे तो धंदा या नव्या माणसांना मोकळा मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांनी शहराच्या पूर्वेला, टांगऱ्याच्या दलदलीत टॅनऱ्या उभ्या केल्या. तुमच्या धंद्यातल्या जुन्या माणसांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

मग १९६२. भारत-चीन युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना, त्यात म्हातारी आणि मुलंही, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. काहींची वर्षं तिथे गेली. जे बाहेर राहिले त्यांनाही पोलिसांत हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. ताईचे वडील त्यावर कधी बोलले नाहीत. त्यांनी फक्त मुलांना सांगितलं, 'कागद जपून ठेवा.' इथे जन्मलेल्या माणसांवर झालेला हा अन्याय होता, आणि आपल्या शालेय पुस्तकांत तो यायला हवा.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणावरून टॅनऱ्या शहराबाहेर बानतल्याला हलवायला सांगितलं. अनेकांनी धंदा सोडला, जुन्या टॅनरीतच रेस्टॉरंट काढली. मुलं टोरांटोला गेली. तिथे दुकानावर 'हक्का' लिहिलेलं असलं तर आत चिली चिकन मिळतं आणि गिऱ्हाईक बहुतेक आपल्याकडचं असतं.

भेटायचं असेल तर टांगऱ्याला दुपारी जा, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. तिथलं चिनी काली मंदिर बघा, त्याच्या प्रसादात नूडल्स असतात. जुन्या चिनी वस्तीतल्या टिरेटा बाजारात सकाळच्या न्याहारीला जायचं तर उजाडताच पोचा, उशीर केलात तर टोपल्या उठलेल्या असतील. आणि कुणा वयस्कर मालकाशी गाठ पडली, तर तुमची बॅग त्यांच्या हातात द्या आणि चामडं कसं कमावलंय ते विचारा. पुढचं ते आपणहून सांगतील.